बेसबॉल आणि गोल्फ : क्रिकेटच्या हातांनी दोन स्विंग शिकताना

बेसबॉल किंवा गोल्फ शिकायला येणारा मुंबईकर कोऱ्या हातांनी येत नाही. शिवाजी पार्क, आझाद मैदान, नाहीतर दोन बिल्डिंगांमधली चिंचोळी बोळ, कुठेतरी त्याने लहानपणापासून बॅट फिरवलेली असते. समोरचं कोपर वर, बॅट सरळ, चेंडू जमिनीलगत, हे सगळं अंगात मुरलेलं असतं. त्यातलं काही या दोन खेळांत फार उपयोगी पडतं आणि काही पक्कं आडवं येतं. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट, बेसबॉल आणि गोल्फ तिन्ही आहेत, तेव्हा आपल्याकडे या दोन्ही स्विंगांबद्दल विचारणारे वाढणार आहेत. हा लेख त्यांच्यासाठी.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ते आधी सांगतो. दोन्ही स्विंगांत ताकद एकाच वाटेने येते : जमीन, पाय, कंबर, छाती, खांदे, हात आणि सगळ्यात शेवटी बॅट किंवा क्लब. वेगळेपण पुढे सुरू होतं. बेसबॉलमध्ये चेंडू तुमच्या अंगावर येतो आणि बॅट गोल असते. गोल्फमध्ये चेंडू जमिनीवर तुमची वाट बघत असतो आणि क्लबला चपटा फेस असतो. बाकी सगळे फरक या दोन गोष्टींमधून निघतात. त्यामुळे एखादी सूचना लक्षात राहिली नाही तर ‘चेंडू कुठे आहे आणि त्याला लागणार काय आहे’ एवढं स्वतःला विचारा, बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू बदलून वाचावं.

पायरी १ : साहित्य हातात घेऊन वजन कुठे आहे ते ओळखा

मोठ्यांच्या बेसबॉलची लाकडी बॅट साधारण ३३-३४ इंच लांब आणि ९०० ग्रॅमच्या आसपास असते. गोल्फचा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याचा क्लब, साधारण ४५ इंच लांब, पण वजन ३०० ग्रॅमच्या घरात आणि त्यातलं निम्म्याहून जास्त खालच्या हेडमध्ये. म्हणजे एक वस्तू आखूड आणि जड, दुसरी लांब आणि हलकी. चेंडूंचंही तसंच. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा, गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा.

आता एक छोटा प्रयोग करा. बेसबॉलची बॅट आधी मुठीकडून धरून फिरवा, मग उलटी करून जाड टोकाकडून धरून फिरवा. वजन तेवढंच, तरी उलटी बॅट भुर्रकन फिरते. फिरवायला किती जड लागतं ते वजन हातापासून किती लांब आहे यावर ठरतं, हे एकदा हाताला कळलं की पुढच्या पायऱ्या सोप्या जातात. क्रिकेटची बॅट बेसबॉलच्या बॅटपेक्षा जड असते, म्हणून आपला माणूस पहिल्या दिवशी म्हणतो, ‘ही तर हलकी आहे’, आणि नुसत्या हातांनी ओढायला लागतो. तिथेच गडबड सुरू होते.

वेगाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, फलंदाजांच्या बॅटचा वेग सरासरी ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास असतो. पुरुषांच्या पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांमध्ये, ड्रायव्हरच्या हेडचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या वर जातो. गोल्फर काही जास्त ताकदवान नसतो. त्याच्या हातातला दांडा लांब आणि हलका असतो, आणि येणाऱ्या चेंडूची वाट बघण्याचं बंधन त्याच्यावर नसतं.

खरेदीबद्दल थोडक्यात. धोबी तलावला खेळसाहित्याच्या दुकानांची रांगच आहे, तिथे बेसबॉलची किंवा सॉफ्टबॉलची बॅट विचारा. शिकण्यापुरता दोन्हींचा स्विंग सारखाच, तेव्हा सॉफ्टबॉलची अॅल्युमिनियमची बॅटही चालेल. गोल्फचा अख्खा सेट घेऊ नका. नियमाने पिशवीत १४ क्लब ठेवता येतात, नवशिक्याला एक वापरलेला ७ नंबरचा आयर्न, म्हणजे मध्यम अंतराचा धातूच्या पातळ हेडचा क्लब, पुरतो.

पायरी २ : पकड

डावा हात मुठीच्या टोकाकडे आणि उजवा त्याला लागून, हे तिन्ही खेळांत एकच. पुढे मात्र वेगळं.

बेसबॉलची बॅट बोटांत धरा, तळव्यात दाबून धरू नका. दारावर टकटक करताना बोटांची जी मधली पेरं लागतात, ती दोन्ही हातांची साधारण एका रेषेत आली पाहिजेत. अशी धरली की मनगटं मोकळी राहतात. चेंडू लागायच्या क्षणी उजवा तळहात आकाशाकडे आणि डावा जमिनीकडे असायला हवा. मनगटं उलटायची ती चेंडू गेल्यावर. आधी उलटली की चेंडू जमिनीवर आपटत जातो.

गोल्फमध्ये क्लब डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी तिरका ठेवायचा आणि तळहाताची मांसल गादी त्याच्यावर आणायची. वरून खाली पाहिलं की डाव्या हाताचे दोन, फार तर अडीच उंचवटे दिसले पाहिजेत. एकच दिसत असेल तर फेस उघडा राहण्याची शक्यता जास्त. उजव्या हाताची करंगळी डाव्याच्या तर्जनी आणि मधल्या बोटामधल्या खाचेवर टेकवतात. ही पकड हॅरी व्हार्डन यांच्या नावाने ओळखली जाते. ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकणारा हा एकमेव खेळाडू. हात लहान असतील तर करंगळी आणि तर्जनी एकमेकांत अडकवा. दहाही बोटं क्लबवर ठेवायच्या पकडीला ‘बेसबॉल ग्रिप’ म्हणतात, पण नावाने फसू नका. पेरं एका रेषेत आणायची ती खऱ्या बेसबॉलची पकड गोल्फमध्ये चालत नाही.

क्रिकेट खेळलेल्यांचा उजवा हात दोन्हीकडे जास्त आवळला जातो. दर दोन-तीन चेंडूंनंतर तो मुद्दाम सैल सोडा. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग कडक लागत असेल तर क्लब कधीच वेगाने फिरणार नाही.

पायरी ३ : उभं राहणं

बेसबॉलमध्ये पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे किंचित वाकलेले, बॅट उजव्या खांद्यामागे उभी. बॅट जमिनीवर टेकवत बसू नका, तेवढा वेळच नसतो. चेंडू गुडघ्यापासून छातीखालपर्यंत कुठेही येऊ शकतो, म्हणून अंग फार वाकलेलं नको.

गोल्फमध्ये वाकायचं ते खुब्यातून. पाठ गोल करून किंवा गुडघे मुडपून नाही. क्लब मांड्यांवर आडवा धरा, पार्श्वभाग मागे ढकला, हात खांद्यांपासून सहज लोंबू द्या. ७ नंबरच्या आयर्नला चेंडू जवळपास दोन पायांच्या मध्यावर, ड्रायव्हरला डाव्या टाचेसमोर.

पायरी ४ : पाय आधी, हात शेवटी

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. ही पायरी जमली तर दोन्ही खेळ खुले होतात. नाही जमली तर पकड आणि स्टान्स कितीही घोटा, काही होत नाही.

ओला पंचा पिळून झटकून बघा. फटकारा कधी निघतो? हात वेगाने पुढे जाऊन जिथे थबकतो, तिथे टोक सुटतं. हात शेवटपर्यंत ढकलत राहिला तर पंचा नुसता फडफडतो. शरीरातही हेच होतं. आधी कंबर वेग घेते आणि थबकते, तो वेग छातीकडे जातो. छाती थबकते, हात सुटतात. हात मंदावतात, तेव्हा बॅटचं किंवा क्लबचं टोक सगळ्यात जोरात असतं. प्रत्येक भाग आपल्या पाळीला हळू होतो, म्हणूनच पुढच्याला वेग मिळतो. सगळं अंग एकदम फिरवणाऱ्याला जोर लावल्याचं समाधान मिळतं, चेंडू मात्र जात नाही.

यातली खुबी अशी की पाय पुढे निघतात तेव्हा हात अजून मागेच जात असतात. बेसबॉलचा फलंदाज डावं पाऊल पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, दिशेने टाकतो. पाऊल टेकतं त्या क्षणी त्याचे हात उजव्या खांद्याच्या मागे असतात. मग कंबर उघडते, पोटाचे आणि पाठीचे स्नायू ताणले जातात आणि त्या ताणातून छाती खेचली जाते. गोल्फमध्ये पाऊल उचलून टाकायचं नसतं, पण बॅकस्विंग पुरता होण्याआधीच वजन डाव्या पायाकडे सरकायला लागतं. दिसायला शांत, पण क्रम तोच. दोन्हीकडे डावा पाय शेवटी सरळ होत जमिनीला दाबतो आणि कंबरेला अडवतो. हे अडवणं नसेल तर वेग पुढे पोचतच नाही.

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांचं उदाहरण इथे आठवतं. दोघे उत्तर प्रदेशातले, भालाफेक करणारे, बेसबॉल न खेळलेले. २००८मध्ये मेजर लीगमधल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्यांना पिचर म्हणून करारबद्ध केलं. भाला फेकतानाही डावा पाय रोवून कंबरेचा वेग वर पाठवावा लागतो. स्विंग आणि फेक यांचं नातं किती जवळचं आहे ते यातून दिसतं.

सराव असा करा. पंच्याच्या एका टोकाला गाठ मारा, दुसरं टोक दोन्ही हातांनी धरा आणि बेसबॉलसारखा फिरवा. आवाज तुमच्या पुढच्या पायाच्या समोर यायला हवा. मागच्या पायापाशीच आला तर हात आधी सुटले. मग खुब्यातून वाकून हेच गोल्फसारखं करा, आवाज खाली, चेंडूच्या जागी येऊ द्या.

खात्री करायला मैदानातली लाल मातीच पुरते. दहा-बारा वेळा बॅट फिरवा आणि मागे सरकून उजवा बूट जिथे होता ती जागा बघा. चवड्याखाली नाण्याएवढा गोल खळगा पडला असेल आणि त्याच्या कडेला टाचेने उडवलेली माती असेल, तर पाय नीट फिरला. लांबट ओरखडा असेल तर अंग पुढे घसरलं. काहीच खूण नसेल तर सगळं हातांनीच झालं. गोल्फमध्ये शेवटी उजव्या बुटाचा फक्त टोकाचा भाग जमिनीवर राहतो आणि तळवा मागे उभ्या माणसाला अख्खा दिसतो. बेसबॉलमध्येही टाच उचलली जाते, पण तिथे पुष्कळ फलंदाज मागच्या पायाभोवतीच जास्त फिरतात. गोल्फमध्ये वजन पुरतं डाव्या पायावर जायलाच हवं.

पायरी ५ : फिरण्याचं प्रतल

बेसबॉलची बॅट कंबरेभोवती आडव्याच्या जवळपास फिरते. पिचरचा चेंडू साधारण ५ ते १० अंशांनी खाली येत असतो, म्हणून बॅटही किंचित वर जात असेल तर ती चेंडूच्या वाटेवर जास्त वेळ राहते. ‘चेंडू दाबून मारा’ हे आपल्याकडे लहानपणी शिकवलेलं इथे विसरा. जमिनीवरचा चेंडू बेसबॉलमध्ये सहसा तुम्हाला पहिल्या बेसवर, म्हणजे फटक्यानंतर धावत गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, बाद करवतो. डोक्यावरून सपाट जाणारा फटका हवा. आपल्या पुल शॉटची कंबर बेसबॉलला सगळ्यात जवळची. पुल मारता येत असेल तर निम्मं काम झालं आहे, फक्त शेवटी मनगटं खाली वळवायची नाहीत.

गोल्फचं प्रतल तिरकं असतं कारण चेंडू पायाशी आहे. आयर्नने चेंडू उचलायला जाऊ नका. क्लब खाली येत असतानाच चेंडूला लागतो आणि स्विंगचा सर्वात खालचा बिंदू चेंडूच्या थोडा पुढे असतो. म्हणूनच चांगल्या खेळाडूच्या फटक्यात गवताचा तुकडा चेंडू होता त्याच्या पुढून निघतो, मागून नाही. चेंडू वर जातो तो फेसच्या उतारामुळे. ड्रायव्हरचा चेंडू टीवर, म्हणजे जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवर, असतो, तिथे मात्र क्लब वर जायला लागल्यावर लागलेला बरा.

डाव्या हाताचं काय? गोल्फमध्ये तो बॅकस्विंगमध्ये बऱ्यापैकी लांब राहतो, म्हणजे क्लब दर वेळी त्याच अंतरावर परत येतो. बेसबॉलमध्ये सुरुवातीला तो वाकलेला चालतो, कारण अंगाजवळ आलेला चेंडू मारायचा तर बॅटची वाट आखूड ठेवावी लागते. उजवं कोपर दोन्हीकडे बरगड्यांजवळून यायला हवं.

पायरी ६ : लागण्याचा क्षण

बॅटचा जास्तीत जास्त व्यास २.६१ इंच, म्हणजे साधारण साडेसहा सेंटिमीटर. चेंडूचा सव्वासात-साडेसात. दोन गोल वस्तू एकमेकांना भिडतात, त्यामुळे काही मिलिमीटर वर-खाली झालं की फटका बदलतो. बॅट चेंडूखालून गेली तर तो उंच उडतो, वरून गेली तर जमिनीवर लोळतो. बॅट मनगटात थोडी वळली तरी काही बिघडत नाही, ती सगळीकडून गोलच आहे.

गोल्फमध्ये उलट. उंची ठरलेली आहे, सगळा जीव फेसच्या कोनात. चेंडू निघताना बहुतांश फेसच्या दिशेने निघतो. फेस फक्त २ अंश चुकला तर २०० मीटरवर तो सात मीटर बाजूला गेलेला असतो, वर फिरकीने आणखी वळतो. बेसबॉलचं खेळायचं मैदान ९० अंशांत पसरलेलं आहे, गोल्फर अरुंद पट्ट्यात मारत असतो.

क्रिकेटमधून आलेल्यांचा चेंडू गोल्फमध्ये उजवीकडे वळतो, म्हणजे स्लाइस होतो. बरेचदा कारण आपला स्ट्रेट ड्राइव्हच असतो. त्यात बॅटचा फेस शेवटपर्यंत गोलंदाजाकडे ठेवायला शिकवतात. गोल्फमध्ये डावा हात कोपरापासून फिरून फेस बंद व्हावा लागतो. चेंडू गेल्यावर कमरेच्या उंचीला क्लबच्या हेडचं टोक आकाशाकडे पाहत आहे का बघा. फेस आकाशाकडे उताणा पडला असेल तर तुम्ही तो धरून ठेवताय.

पायरी ७ : वेळ

ताशी १४५ किलोमीटरने टाकलेला चेंडू पिचरच्या हातातून सुटल्यावर साधारण ०.४ सेकंदात पोचतो. स्विंगलाच ०.१५ सेकंद लागतो. मारायचं की सोडायचं हे उरलेल्या पाव सेकंदात ठरवावं लागतं. म्हणून बेसबॉलचा स्विंग आखूड आणि तयार हवा. वेगवान गोलंदाजी खेळलेल्यांना ही सवय असते, फक्त टप्पा पडून चेंडू वळणार नाही हे डोळ्यांना शिकवावं लागतं. तो हवेतच वळतो.

गोल्फमध्ये कोणी घाई करत नाही, तीच अडचण. डोक्यात दहा सूचना येतात. चांगल्या गोल्फरांचा बॅकस्विंग आणि डाउनस्विंग यांचा वेळ साधारण तीनास एक पडतो. मनात ‘एक-दोन-तीन’ म्हणत मागे जा आणि ‘चार’ला मारा. एका फटक्याला एकच सूचना डोक्यात ठेवा.

मुंबईत सराव कुठे आणि कसा

शिवाजी पार्कला किंवा ओव्हलवर बेसबॉलची बॅट फिरवायला हरकत नाही, पण चेंडू मऊ घ्या आणि जाळीत मारा. गोल्फचा खरा चेंडू कुठल्याही मैदानात मारू नका. ४५ ग्रॅमची ती टणक वस्तू शेजारच्या नेटमधल्या पोराच्या कपाळावर बसली तर काय होईल याचा विचार करा. भोकं असलेले प्लास्टिकचे चेंडू वापरा.

चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासूनचा, ताडदेवला विलिंग्डन आहे, पण ही ठिकाणं सभासदांची. ओळखीचं कोणी असेल तरच आत पाऊल पडतं. बाहेरच्यांसाठी सिडकोचं खारघरचं कोर्स जास्त सोयीचं. जायच्या आधी फोन करून वेळ आणि दर विचारा.

घरात ड्रायव्हर नको. डोक्यावर पंखा असतो आणि हात धरून त्या क्लबचा घेर खोलीपेक्षा मोठा होतो. पावसाळ्यात मिटलेली छत्री घेऊन नुसती पकड आणि मनगटाची घडी घोटा. गच्चीवर पंच्याचा सराव होतो.

दोन्ही खेळ एकाच आठवड्यात सुरू करू नका. क्रिकेटच्या हातांना बेसबॉल लवकर जमतो आणि हुरूप येतो, म्हणून तो आधी घ्या. क्रम अंगात बसला की गोल्फकडे वळा आणि मग निदान महिनाभर बॅटला हात लावू नका.

फोनवर स्लो मोशनमध्ये स्वतःला टिपा. बेसबॉलसाठी फोन छातीसमोर, गोल्फसाठी एकदा समोरून आणि एकदा मागून, चेंडू-लक्ष्य रेषेवर हातांच्या उंचीला ठेवून. बेसबॉलच्या चित्रणात डावी टाच टेकल्याच्या क्षणी थांबवा : हात उजव्या खांद्यामागे आहेत का? गोल्फमध्ये खाली येताना डावा हात जमिनीला समांतर होतो तिथे थांबवा : पट्ट्याचं बक्कल लक्ष्याकडे वळायला लागलंय का? दोन्ही ठिकाणी ‘नाही’ असेल तर त्या दिवशी चेंडू पिशवीत ठेवा आणि पायरी ४ पासून सुरुवात करा.